मॅडमची सिक परेड

लखनौमधल्या माझ्या घरमालकीणबाई मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि लग्नाचं काय ठरलंय हेही विचारलं नाही. परमुलखात मराठी माणूस भेटला की हे प्रश्न ठरलेले असतात. तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाची रांग लागली होती आणि त्या माझ्या पुढे उभ्या होत्या. मी खोकले. त्यांनी मागे वळून मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, "खोकला खरा आहे. कधीपासून?"

खोकला खोटाही असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढे त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेले, आणि मग या विषयातलं माझं शिक्षण रीतसर सुरू झालं.

त्या सैन्याच्या नर्सिंग सेवेतून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेल्या. मूळच्या मिरजेच्या. उभी हयात पठाणकोट, जोरहाट, झाशी अशी लष्करी इस्पितळं फिरण्यात गेली, शेवटची नेमणूक लखनौ छावणीत होती, आणि निवृत्तीनंतर मिरजेला परतायचं सोडून त्यांनी तेलीबागेत घर बांधलं. "मिरजेत आता मला सॅल्यूट कोण करणार?" असं त्या कारण सांगत. तेलीबागेत निवृत्त फौजी गल्लोगल्ली, त्यामुळे नुसतं कोथिंबीर आणायला गेलं तरी येताजाता चारदोन 'जय हिंद' पदरात पडत. मी सरकारी बँकेत, सांगलीहून बदलीवर आलेली. पहिल्याच दिवशी मी त्यांना काकू म्हटलं. "काकू म्हणू नकोस. मी कुणाच्या काकाची बायको नाही," त्या म्हणाल्या. मग मीही सगळ्या गल्लीसारखं त्यांना मॅडम म्हणायला लागले.

मॅडमचा एक ठाम सिद्धांत होता. जगातली निम्मी दुखणी ही ड्यूटी चुकवण्यासाठी काढलेली असतात. फौजेत रोज सकाळी आजारी जवानांची रांग लागते, तिला सिक परेड म्हणतात. त्या रांगेत कुणाचं पोट खरोखर दुखतंय आणि कुणाला आज धावायचं नाहीये, हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर जवान गेले, पण सवय काही गेली नाही. सकाळी खालच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर चहाचा मग घेऊन त्या बसत, आणि फाटकातून जो आत येईल त्याची सिक परेड होई. दूधवाला असो, पेपरवाला असो, नाहीतर बँकेत निघालेली मी. निकाल तीनच असत. 'ड्यूटी' म्हणजे तुला काहीएक झालेलं नाही, कामाला लाग. 'दवा और ड्यूटी' म्हणजे थोडंफार झालंय, गोळी घे आणि कामाला लाग. आणि तिसरा 'ॲडमिट'. हा तिसरा निकाल तोलूनमापून दिला जाई.

एका सोमवारी मला ताप आला. मी शाल गुंडाळून खाली गेले आणि आज जात नाही म्हणाले. मॅडमनी माझ्या कपाळाला हातसुद्धा लावला नाही. "ताप शनिवारी आला की मी घाबरते," त्या म्हणाल्या, "सोमवारी आला की आधी त्याला विचारते, काय काम काढलंस?" मग त्यांनी थर्मामीटर लावला, आकडा बघून थोड्या खट्टू झाल्या, आणि स्वतः आलं घालून काढा करून दिला. संध्याकाळपर्यंत तीनदा वर येऊन गेल्या. ताप खरा निघाला याबद्दल त्यांनी मला पुरती माफी कधीच दिली नाही.

या सगळ्यांत नेहमीचा आरोपी होता बाळू. बाळू हा मॅडमचा कुत्रा, बिस्किटी रंगाचा, गावठी, एक कान उभा आणि एक अर्ध्यात मोडलेला. छावणीतल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरामागे तो त्यांना पिल्लू असताना सापडला होता. "निवृत्तीला इतरांना चांदीचा ट्रे मिळतो, मला हा मिळाला," असं त्या सांगत. तेलीबागेतल्या कुणालाच 'ळ' म्हणता येत नसल्यामुळे बाहेर तो बालू होता आणि घरात बाळू, आणि दोन्ही नावांकडे तो सारख्याच उत्साहाने दुर्लक्ष करी. त्याला फक्त मॅडमच्या बुटांचा आवाज कळायचा. रोज सकाळी त्या दोघांची छावणीच्या रस्त्याने फेरी असे, पुढे बाळू, मागे हात हलवत ताठ चालणाऱ्या मॅडम. त्यांनी त्याला 'चल' सोडून काही शिकवलं नव्हतं. 'बैठ' वगैरे शिकवणारे लोक मुळात आळशी असतात, असं त्यांचं मत होतं.

तर हा बाळू सोंगाड्या होता, हे मला कबूल करायला हवं. एकदा त्याच्या पंजात खरोखरच काटा गेला होता आणि मी त्याला मांडीवर घेऊन खूप लाड केले होते. तेव्हापासून मी बँकेतून आले की तो पुढचा एक पाय उचलून फाटकाशी उभा राही. माझं "अगं बाई, काय झालं माझ्या सोन्याला" सुरू होई. मॅडम चष्म्यावरून बघत असत.

"कोणता पाय?"

"डावा."

"सकाळी उजवा होता."

मग त्या आत जाऊन टोस्टचा डबा आणत. कडक टोस्ट, ज्याला तिथे रस्क म्हणतात, तो बाळूचा जीव की प्राण. मॅडम अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून डबा खुळखुळवत आणि बाळू चारही पायांवर तोफेच्या गोळ्यासारखा सुटे. अर्ध्या वाटेत त्याला आपलं दुखणं आठवे, तो थबके, आणि मग चुकीचाच पाय उचले. "ड्यूटी," मॅडम शांतपणे म्हणत आणि तरीही त्याला टोस्ट देत. या डब्याच्या परीक्षेवर त्यांचा एक्सरेपेक्षा जास्त भरवसा होता.

कुणाला वाटेल की बाई अडाणी होती किंवा चिक्कू होती. तसं अजिबात नव्हतं. कुत्र्याला कधी डॉक्टरकडे न्यायचं आणि कधी घरीच बघायचं, हे विचारायला सगळी गल्ली त्यांच्याकडे येई. त्या तपासत ते बघण्यासारखं असे. कुत्रा लंगडत असेल तर आधी त्याचा चांगला पाय दाबत. "चांगला पाय दाबल्यावरही जो ओरडतो, त्याला नाटकं येतात. आणि जो दुखरा पाय दाबू देत नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही." बोटांच्या बेचक्यांत बघत, ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघत, जेवला का, पाणी प्यायला का, लघवी झाली का, हे असं खडसावून विचारत की मालकच गडबडून जाई. शेजारच्या सुभेदारसाहेबांच्या पॉमेरियनला एकदा मांजराने डोळ्याजवळ ओरबाडलं. सुभेदारसाहेब गढवाली, अतिशय सज्जन गृहस्थ. ते त्याला कडेवर घेऊन आले आणि म्हणाले, "मैडम जी, थोड़ा गुलाबजल डाल दें? सुबह तक देख लेते हैं।"

"आँख में सुबह तक कुछ नहीं देखते, सूबेदार साहब। अभी जाइए।"

"कपड़े बदल लूँ?"

"कुत्ते ने माँगे हैं कपड़े?"

सुभेदारसाहेब पायजमा आणि चपलांवर गाडी काढून गेले. डोळा वाचला. दुसऱ्या एकाने आपल्या लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली अंगदुखीची अर्धी गोळी चारली होती, तेव्हा मॅडमनी त्याला फाटकात उभं करून जे काही ऐकवलं, त्यानंतर त्या गल्लीत माणसांनीसुद्धा गोळ्या चोरून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा ज्ञानाची कमतरता नव्हती. फक्त बाळूच्या बाबतीत ज्ञानाच्या आधी त्यांचा सिद्धांत पुढे होई, कारण बाळू सोंगं करतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

जानेवारी होता. तिथला जानेवारी म्हणजे सकाळी खिडकी उघडली की समोरचं घर गायब. त्या रविवारी धुकं उशिरा विरलं आणि मी गच्चीवर केस वाळवत बसले होते. गच्चीवर माकडं येऊ न देणं ही बाळूची नेमून दिलेली ड्यूटी. कठड्यावर एक माकड सुभेदारसाहेबांकडचा पेरू खात बसलं होतं. बाळू भुंकत गेला, माकडाने ढिम्म न हलता पेरू संपवला आणि मग कठड्यापलीकडे उडी मारली. बाळूनेही मारली. माकडाने खालच्या सज्जाचं टोक पकडलं. बाळूला पकडायला काही नव्हतं.

मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत तो अंगणात उठून उभा होता. त्याने अंग झटकलं आणि इकडेतिकडे पाहिलं. मॅडम आतून आल्या. त्यांनी त्याला नीट तपासलं, हे मी पाहिलंय. चारी पाय, पंजे, हिरड्या, जबडा. कुठे रक्त नव्हतं. मागून धरून पाठ दाबली तर तो नुसता उभा राहिला. मग त्या आत गेल्या, डबा घेऊन अंगणाच्या टोकाला उभ्या राहिल्या आणि खुळखुळवला. बाळू आला. धावत नाही, पण शेपूट हलवत, सरळ त्यांच्यापाशी आला.

"ड्यूटी," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, एवढ्या उंचावरून पडलाय. एकदा दाखवून आणू ना."

"मी पाहिलं ते काय होतं मग?"

"एक्सरे तरी."

"अगं, माकडापुढे हरलाय तो. त्याची इज्जत दुखतेय. इज्जतीचा एक्सरे निघत नाही." आणि त्या चहा प्यायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नेहमीप्रमाणे फेरीला गेले. परत येताना फाटकात सुभेदारसाहेब भेटले. "मैडम जी, आज बालू पीछे चल रहा है। हमेशा आगे रहता है।"

"ठंड है," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी मी आले तेव्हा बाळू फाटकाशी नव्हता. व्हरांड्यात पोत्यावर पडला होता. त्याने पाय उचलला नाही, काही मागितलं नाही. त्याच्यासमोर सकाळचा टोस्ट तसाच पडलेला होता. मी मॅडमना तो दाखवला. त्यांनी टोस्टकडे जरा वेळ पाहिलं, मग डबा आणून पुन्हा खुळखुळवला. बाळू उठला. पुढचे पाय आधी, मग थांबून मागचे. हळूहळू चालत त्यांच्यापर्यंत गेला आणि त्यांच्या बुटाला नाक लावून उभा राहिला.

"बघ. आला ना?"

"खात नाहीये मॅडम तो. नुसता येतोय."

"येतोय ना?"

मला त्यांचा खरंच राग आला होता. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी गप्प बसले, कारण डबा हातात धरून त्याही जराशा घुटमळल्या होत्या. एवढी वर्षं ज्या परीक्षेने दगा दिला नाही तिच्यावर अविश्वास दाखवायचा तर दाखवायचा कसा, असं काहीसं त्यांचं झालं असावं. "उद्या बघू," त्या म्हणाल्या. हा निकाल मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

सकाळी मॅडम बूट घालून व्हरांड्यात आल्या. आवाज ऐकून बाळू उठला, त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेला आणि तिथे बसला. फिरायला निघताना तो बसलेला कुणी कधी पाहिला नव्हता. "चल," मॅडम म्हणाल्या. तो उठायला लागला, अर्धा उठला आणि पुन्हा खाली बसला. मॅडमनी वाकून त्याच्या पोटाखाली हात घातला. बाळूने मान वळवली आणि त्यांचं मनगट तोंडात धरलं. चावला नाही, दातही रुतवले नाहीत. नुसतं धरून ठेवलं.

मॅडम तशाच वाकून उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या हाताने त्यांनी त्याचा ओठ वर केला. मला व्हरांड्याच्या पायरीवरूनही दिसलं, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"ॲडमिट," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान होता की सुभेदारसाहेबांना हाक मला मारावी लागली.

त्यानंतर मात्र एकही चूक झाली नाही. इस्त्रीच्या टेबलाची फळी आली, बाळूला न वाकवता तिच्यावर सरकवलं गेलं, मॅडमच्या शालीने बांधलं गेलं. सुभेदारसाहेबांच्या व्हॅनमध्ये मागे मॅडम त्या फळीशेजारी ओणव्या बसल्या. मॅडमचा विश्वास असलेला एकुलता एक डॉक्टर इंदिरा नगरात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तोही फौजेतूनच निवृत्त झालेला, घराच्या गॅरेजमध्ये दवाखाना चालवणारा. धुक्यात दहा हातांपलीकडे दिसत नव्हतं आणि सुभेदारसाहेब काचेला नाक लावून गाडी चालवत होते. "तेज़ चलाइए," असं मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या फक्त बाळूचा श्वास मोजत होत्या, ओठ हलत होते.

डॉक्टरसाहेबांनी एक्सरे उजेडात धरला. कंबरेचं हाड तडकलं होतं. पोटात आतल्या आत थोडंथोडं रक्त साकळलं होतं.

"गिरा कब?"

मॅडम सावधानमध्ये उभ्या राहिल्या. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाहीये, त्यांच्या टाचा खरोखर जुळल्या होत्या. "परसों सुबह। जाँच मैंने की। ड्यूटी मैंने दी।"

"और दो दिन यह चला कैसे?"

"मैं चली," मॅडम म्हणाल्या, "तो चला।"

डॉक्टर त्यांच्यापेक्षा हुद्द्याने लहान होते. एरवी मॅडम त्यांना ते विसरू देत नसत. त्या दिवशी त्यांनी फक्त आत जाऊन सलाइन लावलं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोर कुणाची तरी मांजर टोपलीतून ओरडत होती. मॅडम त्या टोपलीकडे बघत बोलल्या. "आजारी असल्याचं सोंग मी दुरून ओळखते. धडधाकट असल्याचं सोंगसुद्धा पाहिलंय. प्रमोशनच्या वेळी करतात पोरं, दुखणं लपवतात. पण त्यांना काहीतरी हवं असतं गं. ह्याला काय हवं होतं?"

उत्तर मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, आणि मला रडू आलं.

बाळू जगला. चार दिवस दवाखान्यात राहून घरी आला, पण खरी पंचाईत घरी सुरू झाली. हाड जुळेपर्यंत त्याने उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जुळलं तर चालेल, नाही जुळलं तर मागचे पाय ओढतच जगेल. बाळूला सगळं मान्य होतं, फक्त मॅडम दिसेपर्यंत. त्या खोलीत आल्या की तो उठायला बघे. बसल्या की बसे. दूध उतू जातंय म्हणून उठल्या की तोही पुढचे पाय रोवे. 'बैठ' त्याला कधी शिकवलेलंच नव्हतं. मॅडम त्याला 'बैठ' म्हणून बघत आणि तो शब्द नवीन आहे म्हणून तो कुतूहलाने उठे.

डॉक्टरसाहेब बघायला आले आणि पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं. "मैडम, बुरा मत मानिएगा। जब तक आप दिखेंगी, यह उठेगा।"

मॅडमनी बुरा मानला नाही. त्यांनी उशी आणि ब्लँकेट उचललं आणि त्या वर माझ्या खोलीत राहायला गेल्या. मी खाली त्यांच्या बैठकीत बाळूपाशी. मी बँकेत गेले की सुभेदारसाहेबांची बायको विणकाम घेऊन येऊन बसे. आणि ज्या बाईचा आवाज रायबरेली रोडपर्यंत जाई म्हणत, ती बाई स्वतःच्याच घरात कुजबुजायला लागली. जाड मोजे घालून त्या वर चालत. खुर्ची सरकवायची तर उचलून ठेवत. एवढं करूनही वर जरा कुठे खुट्ट झालं की बाळूचा उभा कान छताकडे वळे आणि मला मोठ्याने खोकून तो आवाज झाकावा लागे. सुभेदारसाहेब तिसऱ्या दिवशी काळजीने विचारायला आले, "मैडम की तबीयत तो ठीक है? मोहल्ला सूना लग रहा है।"

सकाळची फेरी त्यांनी सोडली नाही, पण बूट हातात घेऊन मोज्यांवर मागच्या लोखंडी जिन्याने उतरत आणि कोपऱ्यावर जाऊन बूट घालत. एकदा धुक्यातून समोर सुभेदारसाहेब आले. त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. मॅडमनीही ठोकला, हातातल्या बुटासकट. दोघंही त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

दिवसातून कितीतरी वेळा माझा मोबाईल वाजे. वरून खाली फोन.

"पाणी प्यायला?"

"प्यायला."

"शू?"

"झाली. फडक्यावर."

"कान कसे आहेत?"

"कसे म्हणजे?"

"उभा उभा आहे का?"

"नाही. दोन्ही पडलेत."

पलीकडून आवाज आला, "माझं नाव घेऊ नकोस त्याच्यासमोर."

एका संध्याकाळी त्याने काहीच खाल्लं नाही. नुसता दाराकडे बघत पडला. मी तसं फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "सर्दी झालीये मला," मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, "दवा और ड्यूटी?" त्यांनी फोन ठेवून दिला. थोड्या वेळाने मागच्या जिन्यावर एक ताटली ठेवलेली सापडली. कोमट दुधात टोस्ट कुस्करून त्याचा हाताने केलेला लगदा. तो बाळूने चाटून पुसून खाल्ला, आणि मग ताटलीची कडा कितीतरी वेळ हुंगत राहिला. हे मात्र मी वर कळवलं नाही. माझ्याने सांगवेना.

धुकं संपलं, पंखे पुसायचे दिवस आले, तेव्हा डॉक्टरांनी दुसरा एक्सरे काढला. हाड जुळलं होतं. "अब उठने दीजिए," ते म्हणाले, "मगर अपनी मर्ज़ी से, धीरे-धीरे। किसी के लिए भागकर नहीं।"

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम खाली आल्या. केस नीट बांधलेले, इस्त्रीची साडी, पाय अनवाणी. त्या बैठकीच्या दारात उभ्या राहिल्या. बाळूने मान उचलली. आधी त्याला वासावर विश्वास बसेना. मग त्याचं सगळं अंग थरथरायला लागलं, तोंडातून बारीक आवाज यायला लागला, आणि त्याने पुढचे पाय रोवले. मागचा भाग हलायला लागला. मी त्याला धरायला पुढे झाले.

पण त्याच्या आधी मॅडम बसल्या. मी त्यांना खुर्चीशिवाय कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. दाराच्या चौकटीला धरून, दात आवळून, एक गुडघा, मग दुसरा, अशा त्या उंबऱ्यापाशीच गार फरशीवर बसल्या. बाळू थांबला. रोवलेले पाय त्याने हळूच लांब केले आणि तो पुन्हा आडवा झाला. शेपूट मात्र फरशीवर बडवत राहिला. मग मॅडम बसल्या बसल्याच पुढे सरकत गेल्या, इस्त्रीच्या साडीने सगळी फरशी पुसत, त्याच्यापर्यंत. त्याने हनुवटी त्यांच्या पावलावर टेकवली आणि डोळे मिटले.

दूधवाला आला, मी दूध घेतलं. पेपर आला. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत कपाटापर्यंत गेली. बँकेत जायची माझी वेळ टळून गेली होती. मॅडमचे पाय नक्की मुंग्यांनी भरले असणार, पण त्या तसूभर हलल्या नव्हत्या.

"मॅडम," मी म्हटलं, "फरशी गार आहे. हात देते, उठा आता."

"थांब गं," त्या त्याच्या मोडक्या कानावरून बोट फिरवत म्हणाल्या. "आज आधी तो उठेल. त्याला वाटेल तेव्हा. मग मी."